पाटी दिसते, विटाळ दिसत नाही

(अभ्यासपाठ : जुनी छायाचित्रे कशी वाचावीत?)



आपल्या घरात भगवान बुद्धांची प्रतिमा असते, परमपूज्य बाबासाहेबांचे छायाचित्र असते. आपण त्यांना वंदन करतो, फुले वाहतो. ते योग्यच आहे. परंतु छायाचित्र ही केवळ वंदनाची वस्तू नाही. तो एक कागद आहे, पुरावा आहे. सातबाराचा उतारा हाती आला म्हणजे आपण ओळ न ओळ वाचतो. नाव कोणाचे लागले, कोणाचे गाळले, हे पाहतो. छायाचित्रही तसेच वाचावे लागते. भगवंतांचा धम्म 'ये आणि पाहा' असे सांगणारा आहे. पाहणे म्हणजे डोळे उघडे ठेवून तपासणे. त्या तपासणीचा हा एक लहानसा पाठ आहे.

हा पाठ आजच का? १९५६ साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीच्या घरात आहे. ज्यांनी विटाळ भोगला आणि ज्यांनी तो झुगारला, ती पिढी आपल्यातून जात आहे. मागे उरतात पेटीतील चार पिवळी पडलेली छायाचित्रे आणि मुलांचे प्रश्न. परतूरला वर्गात अमेरिकेतील वर्णभेदाचे छायाचित्र दाखवले, तर मुलांना ते तत्काळ पटते. आपल्या पाणवठ्याची हकिगत सांगितली, तर एखादा विचारतो, "सर, याचा फोटो आहे का?" प्रश्न निरागस आहे. त्याचे उत्तर मात्र आपण तयार ठेवले पाहिजे.

अमेरिकेची पाटी

मुलांना पटते ते छायाचित्र कोणते? जुलै १९३९ मध्ये रसेल ली यांनी ओक्लाहोमा सिटी येथील ट्रामच्या स्थानकावर ते काढले. टोपी घातलेला एक कृष्णवर्णीय माणूस पाणी पितो आहे आणि पाण्याच्या यंत्रावर पाटी आहे : 'कलर्ड', म्हणजे काळ्या लोकांसाठी. त्याच्या आदल्या वर्षी, १९३८ मध्ये, जॉन व्हॅशॉन यांनी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील हॅलिफॅक्स गावी असेच एक छायाचित्र काढले. पाण्याच्या नळाजवळ एक मुलगा आहे, शेजारच्या झाडावर तीच पाटी आहे. आणि ही जागा कोणती? न्यायालयाचे आवार! जिथे न्याय मिळायचा, तिथेच पाणी वाटून टाकलेले. हे दोघेही छायाचित्रकार सरकारने नेमलेले होते. ग्रामीण भागातील दैन्याची नोंद करण्यासाठी अमेरिकन सरकारच्या एका खात्याने १९३५ पासून अशी माणसे देशभर पाठवली होती.

तेथे पाटी का होती? कारण तेथे वेगळेपणा कायद्याने लावलेला होता. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे, पण समान' या नावाखाली त्याला मान्यता दिली. पुढे १९५४ साली त्याच न्यायालयाने शाळांतील वेगळेपणा घटनाबाह्य ठरवला आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक जागांतील पाट्या उतरवल्या. कायदा होता म्हणून पाटी होती, आणि पाटी होती म्हणून ती कॅमेऱ्याला सापडली. आज कोणी म्हणाला की असे काही नव्हतेच, तर ते छायाचित्र त्याच्यापुढे धरता येते.

आपल्याकडे पाटी का नव्हती?

आता आपल्याकडे या. महाडच्या चवदार तळ्यावर 'अस्पृश्यांनी पाणी घेऊ नये' अशा पाटीची गरजच नव्हती. उलट कागदावर तळे खुले होते. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर जाईपर्यंत आपल्या माणसाला तेथे ओंजळ बुडवता आली नव्हती. पाटी दगडावर नव्हती, ती माणसांच्या मनात होती. मनातली पाटी कॅमेऱ्यात येत नाही.

इंग्रजी राजवटीत रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगळी व्यवस्था असे. त्या पाट्यांची छायाचित्रे आहेत. पण त्या दोन घागरींत आपली घागर कोणती, हे कोठेही लिहिलेले नसे. पाटीवरून आपले नाव गाळणे, हीच आपली पाटी होती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. साल १९०१. नऊ-दहा वर्षांचे भीमराव भावाभाच्यांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. अंगावर नवे कपडे, डोक्यावर झगझगीत टोप्या. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, कारण ही मुले त्याला ब्राह्मणांची वाटली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे घेऊन, मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर एकजण कबूल झाला. जवळ जेवण होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही म्हणून मुले उपाशी राहिली.

आता कल्पना करा की त्या फलाटावर एखादा छायाचित्रकार उभा होता. त्याच्या छायाचित्रात काय आले असते? नीटनेटक्या कपड्यांतली, सुखवस्तू घरातली वाटावीत अशी मुले, आणि पलीकडे एक स्टेशनमास्तर. पाहणारा म्हणाला असता, "किती छान मुले! यांना कसले दुःख?" तहान त्या छायाचित्रात दिसली नसती.

दुसरे उदाहरण आपल्या मराठवाड्यातले आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. तेव्हा दौलताबाद, औरंगाबाद, आपले परतूर, सारे निजामाच्या राज्यात होते. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी दरवाजाजवळच्या हौदातील पाणी वापरले. इतक्यात एक म्हातारा ओरडत आला की यांनी पाणी बाटवले. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर आणि सोबत शिपाई देऊन त्यांना आत सोडण्यात आले. त्या वेळचे छायाचित्र असते, तर पाहणाऱ्याला काय दिसले असते? काही पाहुणे आणि त्यांच्या सोबतीला एक हत्यारबंद शिपाई. कोणालाही वाटले असते, केवढा हा मान!

म्हणून पहिला धडा असा की छायाचित्र खोटे बोलत नसले तरी ते सगळे बोलत नाही. अमेरिकेचे छायाचित्र पाटीमुळे स्वतः बोलते. आपले छायाचित्र साक्षीदारावाचून मुके आहे.

छायाचित्राला विचारायचे पाच प्रश्न

*१. ते कोणी काढले आणि कोणासाठी?* १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारच्या आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले. त्यात देशातील जातीजमातींची छायाचित्रे आहेत. पण बहुतेक माणसांच्या छायाचित्राखाली त्यांचे नाव नाही, जात हेच त्यांचे नाव. ते राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी काढलेले होते. आपल्या निजाम राज्यात लाला दीनदयाल यांच्यासारखा देशातील नामांकित छायाचित्रकार होऊन गेला. त्यांचे कॅमेरे राजवाडे, शिकारी आणि उमराव यांच्यापुढे उभे राहिले, कारण बोलावणारे तेच होते. येसकराला स्टुडिओत कोण बोलावणार?

उलट बाजूही पाहा. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने जॉर्जिया राज्यातील आपल्या बांधवांची साडेतीनशेहून अधिक छायाचित्रे मांडली. शिकलेली, कामधंदा करणारी, ताठ बसलेली माणसे. जगाने आम्हाला कसे दाखवले ते पुरे झाले, आता आम्ही कसे आहोत ते पाहा, असा त्याचा अर्थ होता. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली. दोन्ही लढ्यांचे नाते बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते.

*२. खाली लिहिलेला मजकूर खरा आहे का?* १९३७ साली मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी लुईव्हिल शहरात एक छायाचित्र काढले. भिंतीवर प्रचंड जाहिरात आहे : मोटारीत बसलेले गोरे, हसरे कुटुंब आणि जगातील सर्वोच्च राहणीमानाचा डांगोरा. त्या जाहिरातीखाली कृष्णवर्णीय माणसे हातात भांडी, पिशव्या घेऊन रांगेत उभी आहेत. अनेक जण ते मंदीतील बेकारांची रांग म्हणून दाखवतात. वस्तुतः ती ओहायो नदीच्या महापुरात सापडलेली, मदतीसाठी उभी असलेली माणसे आहेत. चित्राचा अर्थ त्यामुळे नाहीसा होत नाही, पण जे आहे ते नेमके सांगितले पाहिजे. याच बर्क-व्हाइट पुढे हिंदुस्थानात आल्या आणि १९४६ साली त्यांनी मुंबईत बाबासाहेबांची छायाचित्रे काढली.

आपल्या घरचे उदाहरण घ्या. नागपूरच्या परिषदेत बाबासाहेब महिला प्रतिनिधींसोबत आहेत, ते छायाचित्र आपण पाहिले असेल. त्याखाली पुष्कळदा ८ जुलै १९४२ ही तारीख छापलेली असते. परंतु नागपूरची ती परिषद १८ ते २० जुलै १९४२ या दिवसांत भरली आणि महिला परिषद २० तारखेला झाली. तारीख पुन्हा पुन्हा छापली म्हणून खरी ठरत नाही. तसेच, चवदार तळ्यावर ओंजळीने पाणी घेणाऱ्या बाबासाहेबांचे जे चित्र घरोघरी असते, ते चित्रकाराच्या हातचे आहे. घटना शंभर टक्के खरी आहे, पण चित्राला चित्र आणि छायाचित्राला छायाचित्रच म्हणावे.

*३. क्षण आपोआप टिपला की मांडून घेतला?* रोझा पार्क्स बसमध्ये खिडकीपाशी बसल्या आहेत आणि मागच्या आसनावर एक गोरा माणूस आहे, हे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. पुष्कळांना वाटते की हा त्यांच्या अटकेचा दिवस. तसे नाही. त्यांना अटक झाली १ डिसेंबर १९५५ रोजी. हे छायाचित्र २१ डिसेंबर १९५६ चे आहे. ३८१ दिवसांचा बहिष्कार यशस्वी होऊन बसमधील वेगळेपणा संपला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम घेतले गेले. मागे बसलेला माणूस वार्ताहर आहे. मग ते खोटे का? नाही. ते विजयाचे छायाचित्र आहे, अन्यायाचे नव्हे. एवढा फरक कळला की ते अधिक समजते.

*४. अंगावर काय आहे?* १९५६ साली गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने अलाबामा राज्यात 'लाइफ' साप्ताहिकासाठी रंगीत छायाचित्रे घेतली. त्यात एक स्त्री आणि एक लहान मुलगी दुकानासमोर उभ्या आहेत. दोघींचे कपडे सणासारखे नीटनेटके आहेत आणि डोक्यावर काळ्यांच्या प्रवेशद्वाराची पाटी चमकते आहे. कपडे हे त्यांचे उत्तर होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या माताभगिनींना काय सांगितले होते ते आठवा. जातीची खूण पटवणारी लुगड्याची पद्धत आणि ते जडशीळ दागिने सोडा, स्वच्छ राहा. म्हणून आजीच्या जुन्या छायाचित्रात लुगडे कसे नेसले आहे, गळ्यात, हातात, पायात काय आहे, हे बारकाईने पाहा. तो इतिहास आहे. बाबासाहेबांचा कोट हा नुसता पोशाख नव्हता, हेही तेव्हाच कळेल.

*५. चौकटीबाहेर काय राहिले?* हा सर्वांत अवघड प्रश्न. तो सोडवण्यासाठी दोन छायाचित्रे घेऊ.

दोन छायाचित्रे

पहिले, फेब्रुवारी १९३४ मधील राजगृहाचे. बाबासाहेब, माता रमाई, चिरंजीव यशवंत, भावजय लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि सोबत घरचा कुत्राही. पाहणाऱ्याला वाटते, स्थिरस्थावर झालेले कुटुंब. आता चौकटीबाहेर पाहा. रमाईची चार लेकरे या छायाचित्रात नाहीत. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न बालपणीच गेली. आणि पुढे काय झाले? २७ मे १९३५ रोजी, म्हणजे सव्वा वर्षातच, रमाईही गेल्या. ज्या घराच्या विटा पुस्तकांसाठी रचल्या, त्या घरासाठी या माउलीने काय भोगले, हे कॅमेऱ्याने टिपलेले नाही. ते आपल्याला ठाऊक असेल तरच ते छायाचित्र पुरे वाचले, असे म्हणता येईल.

दुसरे, १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. पूज्य चंद्रमणी महास्थविर, बाबासाहेब, माईसाहेब, आणि पुढे नजर पोहोचेल तिथवर शुभ्र वस्त्रांतील माणसे. पांढरी वस्त्रे परिधान करून या, असे आवाहन होते म्हणून तो शुभ्र सागर. लाखो माणसे, पण नावे किती जणांची ठाऊक आहेत? तुमच्या आजोबांना तेथे कोणी नेले? भाकरी कोणी बांधून दिली? रजा मिळाली, की काम सोडून गेले? घरी राहिलेल्या आजीने शेरडे, लेकरे कशी सांभाळली? ज्या अनेक घरांनी पुढे आपापल्या गावी दीक्षा घेतली, त्या दिवशी गावाने काय केले? यातले काहीही त्या छायाचित्रात नाही. ते घराघरातील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे.

घरच्या पेटीतील छायाचित्रे

नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांना एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगायची आहे. दीक्षेनंतर आपण घरातील देवदेवतांच्या तसबिरी काढून टाकतो. बावीस प्रतिज्ञांशी ते सुसंगतच आहे. परंतु त्या भरात काही घरांत आजाआजीची छायाचित्रेही जातात, कारण आजीच्या कपाळी मळवट आहे, मागे देवाची तसबीर टांगलेली आहे, आजोबाच्या हाती येसकराची काठी आहे. ती फाडू नका! पूजेसाठी ठेवू नका, पण पुराव्यासाठी अवश्य ठेवा. आपण कोठून निघालो हे ठाऊक नसेल, तर कोठवर आलो हे मुलांना कसे कळणार? त्या काठीची लाज आजोबाने वाटून घ्यायची नाही. ज्यांनी ती त्याच्या हाती दिली, त्यांनी वाटून घ्यायची आहे.

छायाचित्र जपण्याची रीत सोपी आहे. पाठीमागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, बॉलपेन दाबून चालवू नका, त्याचा वळ पुढे उमटतो. डिंकाने चिकटवू नका. चुलीचा धूर, पावसाळ्यातील ओल आणि कडक ऊन यांपासून दूर, कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवा. मोबाइलवर त्याच्या दोन प्रती काढून वेगवेगळ्या घरी ठेवा. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तो पुसू नका, गाव आणि काळ ओळखायला तोच उपयोगी पडतो. आपल्या भागात तर तारीख लावायला आणखीही खुणा आहेत. कागदावर 'जिल्हा परभणी' असेल, तर तो बहुधा १ मे १९८१ पूर्वीचा, कारण त्या दिवशी जालना जिल्हा झाला आणि परतूर त्यात आले.

आजकाल व्हॉट्सअ‍ॅपवर बाबासाहेबांची रंगवलेली, संगणकाने बनवलेली छायाचित्रे फिरतात. भक्तिभावाने आपणच ती पुढे पाठवतो. पण उद्या कोणी त्यातले एक खोटे म्हणून दाखवून दिले, तर तो खऱ्यांवरही बोट ठेवील. आपली बाजू सत्याची आहे, तिला खोट्या चित्राचा टेकू नको. तारीख, ठिकाण, मूळ कोठले, हे ठाऊक नसेल तर पुढे पाठवू नये.

राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे आचरण गुन्हा ठरवले. ज्याची पाटी कधीच नव्हती, ते उतरवल्याचे छायाचित्रही निघत नाही. म्हणून ज्यांनी पाहिले त्यांची साक्ष आणि ज्यांच्याजवळ कागद आहे त्यांचा कागद, या दोहोंची गाठ आपल्यालाच घालायची आहे. हे काम सरकार करणार नाही, विद्यापीठही तुमच्या पेटीपर्यंत येणार नाही. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी ते हाती घ्यावे.

येत्या पौर्णिमेपर्यंतचा अभ्यास

१. घरातील सर्वांत जुने छायाचित्र काढा. वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून त्यातील प्रत्येकाचे नाव, नाते, गाव लिहून घ्या.

२. ते कोणत्या प्रसंगी, कोणी, कोठे काढले? पैसे कोणी दिले?

३. त्या वर्षी तुमच्या घरचे पाणी कोठून येत होते? कोणत्या विहिरीवर जाता येत नव्हते?

४. अंगावरील कपडे, दागिने यांतील कोणते नंतर सोडले? केव्हा आणि का?

५. या छायाचित्रात कोण असायला हवे होते आणि नाही? त्याचे नाव सर्वांत आधी लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!